हात तुमचाच हवा : ब्राउझर, फाईल आणि संमती

मंडळी, आजचा विषय वरवर तांत्रिक वाटेल. पण मुळात तो संमतीचा आहे, म्हणून तत्त्वज्ञानाचा माणूस त्यात शिरतोय.

आपण एखादी वेबसाइट उघडतो तेव्हा नुसता मजकूर आणि चित्रं येत नाहीत. सोबत जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला प्रोग्रॅमही येतो. आता गंमत बघा. तो लिहिलेला असतो दुसऱ्याच कुणी, चालतो मात्र आपल्या संगणकावर. घरात आलेल्या या परक्याला आपली कपाटं उघडायची मुभा असावी का?

या प्रश्नाचं उत्तर फार लवकर दिलं गेलं. वेबपानावरच्या अर्जातून फाईल कशी पाठवायची, हे सांगणारा आरएफसी १८६७ हा दस्तऐवज नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. झेरॉक्समधल्या नेबेल आणि मॅसिंटर या दोघांनी तो लिहिला होता. वापरकर्त्याने स्पष्टपणे सांगितली नसेल अशी कोणतीही फाईल ब्राउझरने पाठवू नये, हे त्यात बजावलेलं आहे. पुढचे सगळे नियम या एका वाक्यातून निघतात, असं म्हटलं तरी चालेल.

पहिला नियम : फाईल निवडायच्या रकान्यात स्क्रिप्टला तुमच्या संगणकावरच्या फाईलचा पत्ता भरता येत नाही. तो रिकामा मात्र करता येतो. का? भरता आलं असतं, तर पानाने तुमच्या एखाद्या खाजगी फाईलचा पत्ता तिथे लिहिला असता आणि बटणही स्वतःच दाबलं असतं. तुम्हाला पत्ताही लागला नसता.

दुसरा नियम : फाईल निवडायची खिडकी आपोआप उघडत नाही. त्याआधी तुमचं क्लिक किंवा कळ दाबणं लागतं.

तिसरा : फाईल निवडल्यावर स्क्रिप्टला तिचं नाव, आकार आणि आतला मजकूर मिळतो, पण ती कुठल्या फोल्डरात आहे ते कळत नाही. फोल्डरच्या मार्गात पुष्कळदा आपलं नावच असतं ना! म्हणून ब्राउझर चक्क खोटा मार्ग सांगतो : सी ड्राइव्ह, त्यात ‘फेकपाथ’ नावाचं फोल्डर. मॅकवर सी ड्राइव्ह नसतो, तरी उत्तर हेच. काही जुन्या वेबसाइटींना विंडोजच्या धर्तीचा मार्ग मिळाला नाही तर त्या अडखळत, म्हणून ही तडजोड.

पण नियम झाले की पळवाटा शोधणारेही आलेच. पूर्वी काही ब्राउझरांत त्या रकान्यात फाईलचा मार्ग टाइप करता येत असे. मग लबाड पानांसाठी युक्ती निघाली. तुम्ही भलत्याच चौकटीत काही लिहिताय; त्यातलं हवं ते अक्षर येणार, तेवढ्यापुरता स्क्रिप्ट कर्सर गुपचूप फाईलच्या रकान्यात नेते. अक्षर-अक्षर जमवून मार्ग तयार! बोटं तुमचीच, संमती मात्र नाही. २००८ च्या फायरफॉक्स ३ मध्ये त्या रकान्यात टाइप करणंच बंद झालं. क्लिक केलं की फाईल निवडायची खिडकी उघडू लागली. यातून काय शिकायचं? शरीराची हालचाल म्हणजे होकार नव्हे. आपण काय देतोय हे समजून केलेली कृती, तोच होकार.

आता सर्वांत महत्त्वाचं. पुष्कळांना वाटतं, ‘सबमिट’ दाबेपर्यंत फाईल आपल्याकडेच आहे. तसं नाही! तुम्ही फाईल निवडलीत, त्याच क्षणी स्क्रिप्ट ती वाचू शकते आणि सर्व्हरकडे पाठवूही शकते. नंतर तुम्ही ती काढून टाकलीत, पान बंद केलंत, तरी गेलेली फाईल परत येत नाही. ब्राउझरच्या लेखी निवडणं हाच होकार. आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचं स्टेटमेंट निवडताना हे ध्यानात असू द्या. आधी वेबसाइटचा पत्ता नीट वाचा, मग फाईलला हात लावा.

ब्राउझर उंबऱ्यावर उभा राहून एवढंच बघतो, की वस्तू तुमच्या हातून दिली गेली का. घेणारा माणूस कसा आहे, हे तो ठरवू शकत नाही. ते काम आपलंच आहे.

थांबतो. आता प्रश्न घेऊ या.