पेटीतल्या बाळाचे विजेचे ठेके

तान्हं बाळ झोपेत मधेच हसतं, ओठ मुडपतं, पाय झाडतं. आपल्याकडे म्हणतात, सटवाई हसवते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या किंबर्ली व्हाइटहेड आणि लोरेन्झो फाब्रिझी यांनी सहकाऱ्यांसह त्याच हालचालींचा माग काढला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १९ नवजात बाळं होती. काही पुऱ्या दिवसांची, काही गर्भधारणेपासून मोजता जेमतेम ३१ आठवड्यांची. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला ईईजीचे, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारे, इलेक्ट्रोड लावलेले. उजवा हात हलला, की पाठोपाठ मेंदूच्या डाव्या बाजूला, नेमक्या त्या हाताच्या स्पर्शाच्या जागी, लहरी उमटत. नव्या घरात वायरमन एकेक बटण दाबून कुठला दिवा लागतो ते पाहतो, तसंच काहीसं. सर्वांत मोठ्या लहरी अपुऱ्या दिवसांच्या बाळांत होत्या.

ईईजीच्या आलेखात अपुऱ्या दिवसांच्या बाळाची खूण लगेच ओळखू येते. एक संथ, रुंद लाट, सेकंदाला जेमतेम एखादी. आणि तिच्या पाठीवर सेकंदाला ८ ते २५ वेळा थरथरणाऱ्या बारीक लहरी. डॉक्टर तिला ‘डेल्टा ब्रश’ म्हणतात. मग काही सेकंद जवळजवळ शांतता, मग पुन्हा उसळी. मोठ्या माणसाचा आलेख असा आला तर धावपळ उडेल. इन्क्युबेटरच्या पेटीतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळात मात्र ही उसळी दिसलीच नाही तर काळजी. एकत्र पेटणाऱ्या पेशींचे दुवे पक्के होतात, असं मानलं जातं. जग पाहण्याआधीच मेंदू आपल्या शरीराचा नकाशा काढू लागतो, तो बहुधा असा. दिवस भरत आले, की या लहरी ओसरतात.

याच कॉलेजात फाब्रिझींच्या गटाने २०११ मध्ये आणखी एक बदल दाखवला. रक्ततपासणीसाठी टाचेला टोचलं काय किंवा नुसता स्पर्श केला काय, फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मेंदूत सारखीच सर्वसाधारण उसळी येते. ३५ ते ३७ आठवड्यांच्या सुमारास मात्र दोन्हींचे प्रतिसाद वेगळे पडू लागतात.

यावरून त्याआधी बाळाला दुखतच नाही असा अर्थ कुणी काढू नये. तो एकदा काढून झालाय. १९८०च्या दशकापर्यंत अशा बाळांवर कित्येकदा नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत. इंदूरच्या मेडिकल कॉलेजातून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी सहकाऱ्यांसह १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं, की फेंटानिल हे भुलीचं औषध दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी येतो, आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते.