सवलतीचा आंकडा आणि खरी किंमत

वस्तूवर छापलेली किंमत वाचण्याची संवय आपल्या देशांतील गिऱ्हाइकांस लहानपणापासूनच लागते. बिस्किटांचा पुडा असो कीं साबणाची वडी असो, तिच्या वेष्टनावर सर्व करांसह जास्तींत जास्त विक्रीकिंमत छापणें कायद्यानें बंधनकारक आहे. दुकानदारानें त्याहून कमी पैसे घेतले तर सवलत किती मिळाली, हें प्राथमिक शाळेंतील मुलासहि वजाबाकी करून सांगतां येतें. परंतु संगणकावर किंवा मोबाइलवर खेळावयाचे व्हिडिओ गेम आज बहुधा पुड्यांतून विकले जात नाहींत. ते इंटरनेटवरील दुकानांतून उतरवून घ्यावे लागतात. तेथें वेष्टन नाहीं, म्हणून वेष्टनावरील आंकडाहि नाहीं. पडद्यावर एक किंमत खोडलेली दिसते, तिच्याजवळ दुसरी लहान किंमत दिसते, आणि शेजारीं ठळक अक्षरांत ‘७५ टक्के सूट’ असें लिहिलेलें असतें. ही खोडलेली किंमत आली कोठून, ती कधीं व किती दिवस अमलांत होती, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं तो विचारावयास शिकावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हीं दुकानें कशीं चालतात तें पाहूं. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत बेलव्ह्यू नांवाचें नगर आहे. तेथील व्हॉल्व्ह नामक कंपनीनें सप्टेंबर २००३ मध्यें ‘स्टीम’ हें दुकान सुरू केलें. प्रारंभीं तेथें मुख्यतः तिचेच खेळ असत. पुढें इतर कंपन्यांचेहि खेळ विकले जाऊं लागले, आणि २०१५ सालापासून भारतीय ग्राहकांस तेथील किंमती रुपयांत दिसूं लागल्या. पोलंड देशांतील ‘गॉग’ हें असेंच दुसरें प्रसिद्ध दुकान होय. अशा दुकानांत किंमत ठरविण्याचा अधिकार बहुधा खेळ प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीचा असतो. दुकान विक्रींतून आपला हिस्सा कापून घेतें.

धान्याच्या व्यापाऱ्यानें भाव उतरविला, तर त्याच्या कोठारांत माल पडून असावा असा तर्क करतां येतो. खेळांच्या दुकानांत कोठारच नाहीं. एकदां तयार झालेल्या खेळाची हजारावी प्रत देण्यास जवळजवळ कांहींच खर्च येत नाहीं. मग सूट कां देतात? कारण सर्व गिऱ्हाइकें सारखीं नसतात. एकास खेळ निघाल्याच्या दिवशींच हवा असतो. तो पूर्ण किंमत देतो. दुसरा वर्षभर थांबतो व निम्म्या किंमतींत घेतो. तिसरा आणखी थांबतो व पाव किंमतींत घेतो. विक्रेता एकच वस्तु तिघांस तीन भावांनीं विकतो आणि तिघेहि संतुष्ट होतात. यांत लबाडी नाहीं. उलट गिऱ्हाइकानें ध्यानांत धरण्यासारखें एक सत्य यांतून निघतें: येथें माल संपत नाहीं, म्हणून आज हुकलेली सवलत बहुधा पुन्हां येते.

लबाडीस वाव कोठें आहे, हें एका काल्पनिक उदाहरणानें पाहूं. एक खेळ वर्षभर १,२०० रुपयांस विकला जात होता. विक्रेत्यानें एका सोमवारीं त्याची किंमत २,००० रुपये केली, आणि पुढच्या सोमवारीं ‘४० टक्के सूट’ असा फलक लावला. दोन हजारांचे चाळीस टक्के म्हणजे आठशें. ते वजा जातां राहिले १,२००. गणित बिनचूक आहे, वजाबाकींत चूक काढतां येणार नाहीं, आणि तरीहि गिऱ्हाइकाचा एक पैसाहि वांचलेला नाहीं. टक्केवारी म्हणजे एका संख्येचें दुसऱ्या संख्येशीं असलेलें प्रमाण. ही दुसरी संख्या विक्रेत्याच्या मर्जीवर ताणली जात असेल, तर त्या प्रमाणास अर्थ उरत नाहीं. गजच रबराचा असला, तर त्यानें मोजलेल्या कापडाचा हिशेब काय लागावा?

या युक्तीस आळा घालण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग दुकानानें स्वतःवर घालून घेतलेल्या नियमांचा. स्टीमच्या विक्रेत्यांसाठीं असलेल्या नियमांप्रमाणें खेळाची किंमत वाढविल्यावर ३० दिवसपर्यंत त्यावर सूट देतां येत नाहीं. एक सूट संपल्यावर दुसरी देण्यापूर्वींहि तितकेच दिवस जावे लागतात. मात्र दुकानाचे जे मोठे हंगामी उत्सव असतात, त्यांस या दुसऱ्या अटींतून मोकळीक आहे. सूट १० टक्क्यांहून कमी किंवा ९० टक्क्यांहून अधिक नसावी, असेंहि तेथें ठरलेलें आहे. आपल्या उदाहरणांतील विक्रेत्याचा डाव पहिल्याच अटीनें फसेल.

दुसरा मार्ग कायद्याचा. युरोपीय संघानें २०१९ सालीं एक निर्देश संमत केला व तो २८ मे २०२२ पासून लागू झाला. किंमत उतरविल्याची जाहिरात करणाऱ्यानें आपली पूर्वीची किंमत सांगितली पाहिजे, आणि पूर्वीची किंमत म्हणजे साधारणतः मागील किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत, असें त्यांत म्हटलें आहे. आपल्या काल्पनिक खेळास हा नियम लावला, तर सर्वांत कमी किंमत १,२०० ठरते आणि सूट शून्यावर येते. गॉगच्या दुकानांत सवलतीच्या जवळच गेल्या ३० दिवसांतील नीचतम किंमत लिहिलेली आढळते, ती याच कारणानें.

तरीहि पळवाट निघालीच. जर्मनींतील आल्डी सूड या व्यापारी संस्थेनें एका पत्रकांत केळ्यांवर २३ टक्के सूट जाहीर केली. भाव होता १.२९ युरो, आणि सूट काढली होती १.६९ युरोवरून. मागील ३० दिवसांतील नीचतम भाव मात्र १.२९ युरोच होता, व तोहि त्याच पत्रकांत दिलेला होता. म्हणजे माहिती सांगितली, पण गणित तिच्यावरून केलें नाहीं. हें प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापुढें गेलें. नीचतम भाव नुसता छापून भागत नाहीं, जाहीर केलेली टक्केवारी त्याच भावावरून काढलेली असली पाहिजे, असा निर्णय त्या न्यायालयानें २६ सप्टेंबर २०२४ रोजीं दिला. खटला केळ्यांचा असला, तरी त्यांतील तत्त्व खेळांच्या दुकानासहि तितकेंच लागू पडतें.

आपल्या देशांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं इंटरनेटवरील फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. त्यांत अशा मांडणीचे १३ प्रकार सांगितले आहेत. नसलेली निकड भासविणें, किंमतीचा कांहीं भाग शेवटच्या पायरीपर्यंत लपविणें, न मागितलेली वस्तु हळूच खरेदींत घुसडणें, हे त्यांतील कांहीं प्रकार होत. अशा अनुभवाविषयीं राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करतां येते.

किंमत झांकण्याची आणखी एक सूक्ष्म रीत आहे, व तिच्यांत लहान मुलेंच अधिक सांपडतात. पुष्कळ खेळ फुकट मिळतात. पण आंत तलवार किंवा पोशाख घ्यावयाचा तर खेळांतील नाणीं विकत घ्यावीं लागतात. समजा, ५०० नाण्यांची थैली ४०० रुपयांस मिळते आणि तलवारीस ६५० नाणीं पडतात. मग दोन थैल्यांचे ८०० रुपये भरणें भाग पडतें. तलवारीची किंमत वस्तुतः ५२० रुपयेच. उरलेलीं ३५० नाणीं, म्हणजे २८० रुपये, अडकून पडतात आणि पुढील खरेदीस बोलावीत राहतात. रुपयांऐवजीं नाणीं मोजतांना हा हिशेब मुलाच्या मनांत येतच नाहीं. युरोपांतील ग्राहक संरक्षण अधिकाऱ्यांनीं मार्च २०२५ मध्यें या संबंधीं तत्त्वें प्रसिद्ध करून, खेळांतील वस्तूची किंमत खऱ्या चलनांतहि स्पष्ट दाखवावी असें सांगितलें. अमेरिकेंत ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या एपिक गेम्स कंपनीस फसव्या मांडणीनें झालेल्या खरेदीच्या परताव्यासाठीं २४ कोटि ५० लक्ष डॉलर भरावयास लागणार, असें डिसेंबर २०२२ मध्यें जाहीर झालें. आईबापांच्या संमतीवांचून मुलांच्या हातून पैसे खर्च होत, हाहि तेथील आरोपांपैकीं एक होता.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. खेळ घेण्यापूर्वीं त्याचा जुना भाव पाहावा. स्टीमवरील खेळांच्या किंमतींचा इतिहास ‘स्टीम डीबी’ या स्वतंत्र संकेतस्थळावर तारखांसह पाहावयास मिळतो. टक्के न पाहतां रुपये पाहावेत आणि स्वतःस विचारावें: सुटीचा फलक नसता, तर याच पैशांत हा खेळ मीं घेतला असता काय? घेतलेला खेळ पसंत न पडल्यास स्टीमवर, खरेदीपासून १४ दिवसांच्या आंत व दोन तासांहून कमी खेळला असल्यास, पैसे परत मागतां येतात; ही सोय २०१५ सालापासून आहे. पडद्यावर उलटीं घटकापळें मोजणारें घड्याळ दिसलें, तर ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण आठवावी आणि एक रात्र जाऊं द्यावी. पालकांनीं आपल्या कार्डाचा क्रमांक मुलाच्या यंत्रांत जपून ठेवूं नये. आणि मुलांनींहि वडिलांस ‘पाऊण किंमत वांचली’ असें सांगण्याऐवजीं ‘पाव किंमत खर्च झाली’ असें सांगण्याची संवय ठेवावी. जो खेळ नको होता तो सवलतींत घेतला, तर वांचलें कांहींच नाहीं. खर्च मात्र झाला.

पवित्र शास्त्रांतील नीतिसूत्रांच्या ग्रंथांत खोट्या तराजूचा धिक्कार केलेला आहे. त्या काळीं वजनें दगडाचीं असत. आज तीं टक्क्यांचीं झालीं आहेत, एवढाच फरक. विक्रेत्यानें वजन खरें ठेवावें हें त्याचें कर्तव्य. पण तें उचलून पाहण्याचें काम गिऱ्हाइकाचें आहे, आणि त्यास शाळेंत शिकलेलें शेकडेवारीचें गणित पुरेसें आहे.