पहिली लोकल सुटेपर्यंत

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. नवे कपडे घातलेली मुलंमुली गणेश मंदिरात दर्शन घेतात आणि मग त्याच रस्त्यावर मित्रमंडळींना भेटत उभी राहतात. ठाण्यात हीच गर्दी तलावपाळीला आणि राम मारुती रोडला असते. या गर्दीतून वाट काढत जाणारी काही माणसं मात्र कुठेच रेंगाळत नाहीत. खांद्यावर शाल, खिशात प्रवेशिका, चाल थोडी संथ, पण मनात घाई. पडदा उघडण्याआधी त्यांना खुर्चीत बसायचं असतं, कारण तानपुरे जुळतानाचा आवाज त्यांच्या लेखी मैफलीचाच भाग असतो.

साठी-सत्तरी ओलांडलेले हे श्रोते ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीचं फार मोठं धन आहेत. इथल्या गायकांवर लिहिलं जातं, नाट्यगृहांवर लिहिलं जातं. समोर बसून ऐकणाऱ्यांवर फारसं कुणी लिहीत नाही.

मला मैफलीत पहिल्यांदा नेलं ते आमच्या चाळीतल्या आप्पांनी. रेल्वेत नोकरी, घरात एक रेडिओ आणि गाण्याचं वेड. मी तेरा वर्षांचा होतो. विलंबित एकताल सुरू झाला आणि मला काहीच कळेना. बारा मात्रांचं आवर्तन, पण अतिविलंबित लयीत ते एक आवर्तन पाऊण मिनिट सहज घेतं. आप्पांनी माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं आणि कानात म्हणाले, “सम आली की दाबीन. तू नुसता वाट बघ.” तीन-चार आवर्तनं गेली. मग एकदा बोट दाबलं जाण्याआधीच माझी मान हलली. आप्पांनी बोट काढून घेतलं, ते पुन्हा ठेवलं नाही. गाणं ऐकण्याचं माझं सगळं शिक्षण त्या एका बोटाचं आहे, आणि ते सभागृहात शेजारी बसूनच देता येतं.

या पट्ट्यातल्या रसिकतेचं वय मोठं आहे. कल्याण गायन समाजाची स्थापना १९२६ सालची. ही संस्था देवगंधर्व महोत्सव भरवते, तो भास्करबुवा बखले यांच्या स्मरणार्थ. भास्करबुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम घेतली, १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची मुहूर्तमेढ रोवली आणि १९२२ साली ते गेले. त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव आणि मास्टर कृष्णरावांकडे शिकलेले पंडित राम मराठे. मराठेबुवा राहिले ठाण्यात. त्यांच्या नावाचा संगीत समारोह ठाणे महानगरपालिका भरवते. म्हणजे कल्याणचा महोत्सव आजेगुरूंच्या नावाचा आणि ठाण्याचा नातशिष्याच्या नावाचा. एकाच लोहमार्गावर, अर्ध्या तासाच्या अंतरावर, एकाच परंपरेचे दोन उत्सव. दोन्हीकडे नेमाने जाणाऱ्या जुन्या श्रोत्यांना हे नातं सांगावं लागत नाही. नव्या श्रोत्याला ते कुणीतरी सांगायला हवं.

राम मराठे यांचा जन्म १९२४ चा. लहानपणी त्यांनी चित्रपटांत कामं केली. पुढे विद्याधर गोखले यांच्या ‘संगीत मंदारमाला’ने १९६३ साली त्यांना घराघरांत नेलं. त्या नाटकातली प्रसाद सावकारांबरोबरची त्यांची जुगलबंदी ज्यांनी रंगमंचावर ऐकली, त्यांच्याकडे आजही तो विषय काढून बघावा. ऐंशीच्या घरातला माणूस ताठ बसतो, हात हवेत फिरू लागतो, आणि रोज भेटणाऱ्या त्या माणसाच्या आत इतकं काय साठलेलं आहे ते तेव्हा कळतं. ठाण्याचं दुसरं भाग्य पी. सावळाराम. ज्यांची गीतं उभ्या महाराष्ट्राच्या ओठांवर होती, ते कवी या शहराचे नगराध्यक्ष होते. १९७८ साली मासुंदा तलावाच्या काठी गडकरी रंगायतन उभं राहिलं तेव्हा ते भरून टाकणारा प्रेक्षक आधीपासून तयार होता, तो अशा वातावरणामुळे.

पण त्याआधी आणि नंतरही बराच काळ मोठ्या गाण्यासाठी दादर-गिरगाव गाठावं लागे. कचेरी सुटली की थेट मैफलीला, आणि मध्यंतरात एक डोळा घड्याळावर. शेवटची लोकल पकडायची की नाही, हा निर्णय गवई कुठला राग काढतो त्यावर ठरे. ती चुकली की चिंता मिटायची, कारण मग पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत गाणं ऐकता यायचं. या पिढीच्या तोंडी “पहिली लोकल धरून आलो” असं येतं तेव्हा त्यामागे एक अख्खी रात्र असते.

तशा रात्री आता नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि उघड्या जागेवर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी झाली. सणासुदीच्या मोजक्या दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते आणि बंद सभागृहाला ही बंदी लागू नाही. नियम योग्य आहे. शेजारच्या इमारतीत आजारी माणूस असतो, परीक्षा देणारं मूल असतं. पण या नियमानं संगीताचं काय गेलं, हे मोकळेपणी सांगितलं पाहिजे. आपल्या रागांना वेळ असते. संध्याकाळी सहा ते दहा या चौकटीत मारवा, पूरिया, यमन, केदार, फार तर बागेश्री बसतो. मध्यरात्रीचा दरबारी आणि मालकंस कडेला ढकलले गेले. रात्रीच्या शेवटच्या प्रहरातले सोहनी आणि परज, उजाडण्याआधीचा ललत, हे त्यांच्या घटकेला समोरासमोर ऐकणं तर दुर्मीळच झालं. पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवातही रात्र जागवणारी सत्रं थांबली.

म्हणून मला दिवाळी पहाट मोलाची वाटते. चतुरंग प्रतिष्ठाननं ऐंशीच्या दशकात मुंबईत ही प्रथा रुजवली आणि ती ठाणे-डोंबिवलीत घट्ट धरली गेली. भटियार, भैरव, तोडी ज्या वेळेसाठी बांधले गेले, त्या वेळी भरल्या सभागृहात ऐकण्याची वर्षातली ही मोठी संधी असते. संयोजकांना एक कळकळीचं सांगणं आहे. पहाटेचा पहिला तास तरी रागसंगीताला द्या. भावगीतं आणि चित्रपटगीतं दिवसभर ऐकता येतात.

जुन्या श्रोत्यांचा दुसरा ठेवा त्यांच्या कपाटात आहे. आधी स्पूल आणि मग कॅसेटवर त्यांनी खासगी बैठकी ध्वनिमुद्रित केल्या, एकमेकांना नकलून दिल्या. ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं वाजायची, त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या गाण्यात रागाचा विस्तार मावतच नव्हता. तो या घरगुती फितींवर मात्र आहे. कव्हरवर बारीक अक्षरात राग, बंदिश, साथीदार, गाव, तारीख. एका परिचितांच्या निधनानंतर अशा दोन पेट्या भंगारात गेल्याचं मला उशिरा कळलं. तो सल अजून जात नाही. फितींना बुरशी धरते, त्या चिकटतात. ज्यांच्या घरी त्या असतील त्यांनी वर्ष-दोन वर्षांत त्यांचं डिजिटल रूपांतर करून घ्यावं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वडिलांना शेजारी बसवून कोण गातंय, तबल्यावर कोण आहे, कुठली बैठक, हे लिहून घ्यावं. आवाज यंत्र वाचवेल, माहिती फक्त माणसाच्या आठवणीत असते.

वयानं कान बदलतात, त्याबद्दलही बोलायला हवं. उतारवयात आधी उंच स्वर ऐकू येणं कमी होतं आणि त्याच वेळी मोठा आवाज पूर्वीपेक्षा जास्त टोचू लागतो. त्यामुळे ध्वनिव्यवस्थेचा आवाज वाढवला की ज्येष्ठांना बरं पडतं, हा समज चुकीचा आहे. त्यांना हवी असते स्पष्टता. तबल्याखाली गळा झाकला जाऊ नये आणि तानपुऱ्याची जवारी ऐकू यावी, एवढीच अपेक्षा असते. मिरजेच्या ज्या तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांचा झंकार कर्ण्यांच्या भिंतीआड हरवला तर काय मिळवलं? श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट. ही यंत्रं मुख्यतः बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेली असतात, म्हणून त्यांतून सूर कधी कधी थरथरता किंवा बेसूर लागतो. बऱ्याच नव्या यंत्रांत संगीतासाठी वेगळी योजना असते. ती श्रवणतज्ज्ञाकडून सुरू करून घ्यावी. एका गृहस्थांनी गाणं सोडल्यासारखं केलं होतं, ते एवढ्या बदलानं परत सभागृहात आले.

जिने चढवत नाहीत, रात्रीचा प्रवास झेपत नाही, या अडचणी खऱ्याच आहेत. त्यावर रविवार सकाळच्या बैठकी हा चांगला उपाय आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये, सतरंजीवर आणि मागे खुर्च्या मांडून, पन्नास-साठ माणसांत, शक्य तर ध्वनिक्षेपकाशिवाय. गाणाऱ्याचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ बसण्याचं सुख मोठ्या नाट्यगृहात मिळत नाही. निवृत्त मंडळींनी ठिकठिकाणी कराओकेचे गट काढलेत, त्यांचाही मला आदर आहे. आयुष्यभर मनात गायलेलं गाणं साठाव्या वर्षी माईकवर गाणं ही धिटाई आहे. मात्र मुद्रित संगीत गाणाऱ्यासाठी थांबत नाही. तबलजी थांबतो, हसतो, तिहाई पुढे नेतो, आणि समोरून आलेली एक ‘वा!’ पुढच्या तानेचा रस्ता बदलते. ही ‘वा!’ कधी द्यायची हे आमच्या ज्येष्ठांना नेमकं ठाऊक आहे. टाळ्यांच्या कडकडाटापेक्षा जागेवर आलेला तो एक हुंकार कलाकाराला हवा असतो.

आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीत मी इमारतीतल्या एका बारावीच्या मुलीला पहाटेच्या मैफलीला नेलं. तिला नंतर फडके रोडवर मैत्रिणींना भेटायचं होतं, दोन्ही जमलं. झपताल सुरू झाला तेव्हा मी तिला दहा मात्रा बोटांवर मोजून दाखवल्या. अर्ध्या तासानं तिनं मला कोपरानं ढोसलं, समेच्या किंचित आधी.

यंदा प्रवेशिका घ्याल तेव्हा दोन घ्या. दुसरी घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलासाठी, आणि त्याला तानपुरे जुळायच्या आत घेऊन या.