बँकेच्या नावाने ईमेल आली, तर...

फिशिंग : बँक, आयकर विभाग किंवा कुरिअरच्या नावाने खोटी ईमेल धाडून पासवर्ड, कार्डाचा तपशील काढून घेणे. एसएमएसवरून केल्यास ‘स्मिशिंग’, फोनवरून केल्यास ‘विशिंग’.

पत्ता वाचताना : पाठवणाऱ्याचे नाव कुणालाही हवे ते टाकता येते. पाहायचा तो ‘ॲट’च्या चिन्हापुढचा भाग, आणि तोही शेवटाकडून. सुरुवातीला बँकेचे नाव, पण शेवट भलताच, तर ती ईमेल बँकेची नव्हे. बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर न्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. ब्राउझरमधले कुलूप फक्त जोडणी सुरक्षित असल्याचे सांगते. पलीकडचा माणूस खरा असल्याचे नाही.

• ओटीपी, पिन, सीव्हीव्ही बँक ईमेलवर किंवा फोनवर मागत नाही.
• यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही.
• ‘मास्क्ड आधार’वर १२पैकी शेवटचे ४ अंकच दिसतात.

पैसे गेल्यास : लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भुर्दंड नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे.

कायदा : माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ६६ ड (तोतयेगिरी करून फसवणूक). ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड.