चढणीचे मासे : केव्हा धरावेत व केव्हा धरू नयेत

रोहिणी सरून मृग लागला आणि दोन-चार दिवसांच्या उकाड्यानंतर पहिला दमदार पाऊस कोसळला, म्हणजे चंद्रपूर व गडचिरोलीकडील धानाच्या मुलखात एकदम दोन कामांची घाई उडते. एक पऱ्हे टाकण्याची व दुसरी मासे धरण्याची. पहिल्या कामाविषयी शेतकऱ्यास पुष्कळ सांगितले जाते. दुसऱ्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, कारण मासे धरणे हे ढीवर, केवट व भोई ह्या मंडळींचे काम, शेतकऱ्याचे नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत अपुरी आहे. मासा ज्या ओहळाने चढतो तो ओहळ आपल्या शेताच्या कडेने जातो; ज्या उथळ पाण्यात तो अंडी घालतो ते पाणी बहुधा आपल्याच बांधीतले असते. तेव्हा पुढील वर्षी नाल्यात मासा असावा की नसावा, ह्याचा निकाल बऱ्याच अंशी धुऱ्यावर उभा असलेला जमिनीचा धनीच लावीत असतो.

कोकणात ह्या माशांस वलगणीचे मासे म्हणतात व घाटावर चढणीचे मासे म्हणतात. उन्हाळ्यात नदीच्या डोहात, तलावाच्या खोल भागात किंवा चिखलात जीव धरून राहिलेले मासे नवे गढूळ पाणी वाहू लागताच प्रवाहाच्या उलट दिशेने निघतात. त्यांस वर काही खावयास मिळते म्हणून ते जातात असे नव्हे. नुकत्याच बुडालेल्या गवतात पाणी उथळ व उबदार असते, मोठे भक्षक मासे तेथे कमी पोहोचतात, आणि कुजणाऱ्या पाल्यावर सूक्ष्म जीवांची वाढ झपाट्याने होऊन पिलांस पहिला घास तेथेच मिळतो. डोहात ह्यातले काही नाही. म्हणून मादी पोटात पिकलेली अंडी घेऊन वर येते, आणि पाणी ओसरू लागले की मोठे मासे व मागाहून पिले खाली उतरतात.

मात्र सर्व मासे एकाच रीतीने चढत नाहीत. धरणाऱ्याने हा भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. रोहू, कतला व मिरगल हे मोठे मासे वैनगंगा-वर्धेसारख्या नद्यांना पूर आला म्हणजे काठावरील बुडालेल्या सपाट जागी अंडी सोडतात. लहान ओहळात ते सहसा शिरत नाहीत. बोटभर ते वीतभर लांबीचे खवल्यांचे बारीक मासे मात्र थेट बांधीपर्यंत येतात, आणि ‘मासे चढले’ असे गावात म्हणतात ते मुख्यत्वे ह्यांनाच. तिसरा वर्ग मरळ, वाघूर व शिंगी ह्यांचा. ह्यांस पाण्याबाहेरची हवा घेता येते. त्यामुळे पावसाच्या रात्री ओल्या जमिनीवरून सरपटत ते एका बांधीतून दुसरीत जातात. सकाळी धुऱ्यावर मरळ सापडली म्हणजे लोक ती आकाशातून पडली असे सांगतात, तिचा उलगडा हा एवढाच आहे.

आता वेळ. मृग ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागतो व आर्द्रा २१ किंवा २२ जूनच्या सुमारास. पहिली चढण बहुधा ह्याच दोन नक्षत्रांत होते. तथापि पंचांगापेक्षा पाण्याकडे पाहावे. नुसत्या सरींनी मासा हालत नाही. नाला काठोकाठ वाहिला, पाण्याचा रंग तांबूस झाला व ते रात्रभर तसेच वाहत राहिले, तरच तो निघतो. पाऊस थांबून आभाळ दाटलेले असावे, हवा कोंदट असावी आणि पाणी किंचित उतरू लागलेले असावे, अशा रात्रीचा पहिला प्रहर व पहाट ह्या वेळी चढण सर्वांत जोराची असते. पावसाने मध्येच ओढ दिली तर चढणही थांबते, व पुनर्वसूत किंवा पुष्यात पुन्हा मोठे पाणी झाले की दुसरी खेप येते. अमेरिकेतील मोठ्या सरोवरांच्या काठीही असाच एक प्रकार आहे. तेथे स्मेल्ट नावाचा वीतभर चंदेरी मासा वसंतात बर्फ वितळल्यावर रात्रीच्या वेळी ओढ्यांत चढतो आणि लोक कंदील व दांड्याची जाळी घेऊन काठावर उभे राहतात. फरक इतकाच की तेथे माणशी किती मासे धरावेत ह्याचे माप सरकारने घालून दिलेले असते. आपल्याकडे पाटी भरली की दुसरी आणतात.

येथेच खरा प्रश्न आहे. चढणीचा मासा धरावयास सर्वांत सोपा असतो, कारण तो अरुंद वाटेने, गर्दीने व माणसाची भीती न बाळगता येतो. पण तोच मासा पोटात अंडी घेऊन आलेला असतो. एक किलो वजनाच्या रोहूच्या मादीच्या पोटात दोन-तीन लाख अंडी असतात. ती सर्व जगत नाहीत हे खरे. परंतु जी थोडी जगतात त्यांवरच नदी चालते. बारीक माशांची गोष्ट तर अधिक नाजूक आहे. त्यांचे आयुष्यच एक-दोन वर्षांचे. एका मृगात एका ओहळातील चढण पुरी झाडून नेली, तर पुढील मृगात तेथे चढावयास मासा उरत नाही, आणि मग लोक म्हणतात की पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही.

कोणी म्हणेल की आता बीज विकत मिळते, मग काळजी कशाची? १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांस त्यांच्याच जातीच्या मेंदूतील ग्रंथीचा अर्क टोचून साठलेल्या पाण्यात अंडी घालावयास लाविले, व तेव्हापासून रोहू-कतल्याचे बीज नदीवर अवलंबून राहिले नाही, ही गोष्ट मोठीच आहे. तलाव घेणाऱ्या सहकारी संस्था आज हेच बीज सोडतात. परंतु बांधीत चढणाऱ्या बारीक माशांचे बीज कोणी पिशवीत भरून विकत नाही. मजुराच्या व लहान शेतकऱ्याच्या ताटात पडणारा मासा बहुतेक हाच असतो.

तर मग मुळीच धरू नये काय? असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे असे की चढता मासा सोडावा व उतरता धरावा. ही रीत नवी नाही. कामट्यांचे सापळे लावणाऱ्या जाणत्या माणसास ती ठाऊक असते. बांबूच्या कामट्यांचा निमुळता सापळा ओहळात मांडताना त्याचे तोंड खालच्या अंगास केले तर चढणारा मासा अडकतो. तोंड वरच्या अंगास केले तर उतरणारा अडकतो. सापळा तोच, जागा तीच. मृग व आर्द्रा ह्या दोन नक्षत्रांत खालच्या अंगास तोंड असलेला एकही सापळा आपल्या शिवारात बसू देऊ नये. पुष्यापासून पुढे पाणी उतरू लागले म्हणजे वरच्या अंगास तोंड करून तो मांडावा. कामट्यांमध्ये करंगळी सहज जाईल इतके अंतर ठेवावे, म्हणजे पिले निसटून जातात. सापळा सकाळ-संध्याकाळ उपसावा. दाटीत मासे गुदमरतात, आणि आत एखादी मरळ शिरली असेल तर उशिरा येणाऱ्यास तिच्याखेरीज दुसरे काही मिळत नाही. ओहळाची सर्व रुंदी ताटीने कधीही बंद करू नये, निम्मी वाट मोकळी ठेवावी. यात दयेपेक्षा व्यवहार अधिक आहे. पुराबरोबर आलेला पालापाचोळा पूर्ण ताटीवर साचतो, पाणी तुंबते व शेवटी धुरा फुटून पऱ्हे वाहून जातात.

उतरणीची खरी सुगी हस्त व चित्रा ह्या नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापुढे काही दिवस असते. हलके धान कापणीस आले की बांधीतील पाणी काढावे लागते. त्या वेळी मोरीच्या तोंडाशी सापळा किंवा लहान जाळे लाविले तर तीन महिने धानात किडे-अळ्या खाऊन वाढलेला मासा आपोआप हाती येतो. आषाढात अंडी टाकून हाडकुळा झालेला मासा आणि आश्विनातला भरलेला मासा, ह्यांच्या चवीत व वजनात किती अंतर असते हे खाणारास सांगावयास नको. ज्यास शक्य असेल त्याने सर्वांत खालच्या बांधीच्या कोपऱ्यात कमरेइतका खोल खड्डा खणून ठेवावा. पावसाने ओढ दिली म्हणजे चढलेले मासे त्यात तग धरतात, नाही तर बगळे एका दिवसात बांधी साफ करितात.

पाग टाकणारांनी पागाची छिद्रे दोन बोटे जातील इतकी मोठी ठेवावीत. नदीत पुराच्या दिवसांत पाग टाकलाच, तर हाती आलेला मासा आधी पाहावा. पोट फुगलेले, मऊ व खालचे छिद्र लालसर असेल तर ती मादी होय. नराचे पोट हलकेच दाबले असता दुधासारखा स्राव येतो, आणि रोहू-मिरगलाच्या नराचा छातीजवळचा पर हातास खरखरीत लागतो. मादी परत सोडावी. सोडताना हात ओले करून धरावी. कोरड्या हाताने तिच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो व पुढे तेथे रोग लागतो.

मरळीविषयी दोन शब्द अधिक लिहिणे जरूर आहे. ही अंडी टाकून निघून जात नाही. गवतात जागा मोकळी करून नर-मादी तेथे अंड्यांची राखण करितात, व पुढे पिलांचा तांबूस थवा पाण्याच्या पृष्ठभागाशी फिरू लागला की त्याच्या खालोखाल पहारा देत हिंडतात. हा थवा पाहूनच लोक खाली भाला किंवा गळ टाकितात, आणि राखण करणारी मरळ चवताळून गळावर येते. तिला मारली की उघड्या पडलेल्या थव्यावर इतर मासे तुटून पडतात. म्हणजे एक मासा खाल्ला व सबंध वीण घालविली. थवा दिसला तर तेथून निमूटपणे पुढे जावे. वाघूरही काठाच्या बिळात अंडी घालून राखण करितो. आषाढ-श्रावणात बिळांत हात घालू नये. वाघराच्या नावाखाली परदेशी मागूर आपल्या बोडीत कोणी आणून सोडीत असेल तर त्यास हटकावे. तो अधाशी आहे, आणि २००० सालीच सरकारने त्याच्या पालनास बंदी केली आहे.

नदीकाठच्या गावांस एक वेगळी अडचण आहे. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रासाठी इरईवर धरण झाले, त्यामुळे त्याखालच्या नदीला पूर येणे न येणे आता पावसाइतकेच दरवाज्यांवर अवलंबून असते. वर्धेकडून चढत आलेला मासा धरणाच्या पायथ्याशी येऊन थांबतो व तेथे दाटतो. अशा जागी पाग टाकणे म्हणजे कोंडवाड्यातील जनावर मारणे आहे, असे आम्ही समजतो. शिवाय दरवाजे उघडले की पाणी पाहता पाहता वाढते आणि माणूसही जातो. वैनगंगेवर भंडाऱ्याकडे गोसीखुर्द, तर प्राणहितेचे पाणी मिळाल्यावर गोदावरीवर २०१९ साली सुरू झालेला मेडीगड्डा बंधारा, अशा भिंती मोठ्या नद्यांवर उभ्या आहेत. त्यांविषयी शेतकऱ्याच्या हाती फारसे काही नाही. आपल्या शिवारातील ओहळ मोकळा ठेवणे मात्र त्याच्या हाती आहे, व म्हणूनच त्या ओहळाची किंमत आता पूर्वीहून अधिक आहे.

विष घालून मासे मारण्याची चाल जंगलपट्टीत जुनी आहे. पूर्वी गेळाची फळे कुटून डोहात टाकीत. आता किडीच्या औषधाची बाटली ओततात, नाही तर तारेने विजेचा प्रवाह सोडतात. विष व सुरुंग यांनी मासे मारणे १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरविलेले आहे. विजेने मासा व धरणारा ह्यांपैकी कोण आधी मरेल ह्याचा नेम नसतो. परंतु ज्यांनी कधी असे केले नाही ते शेतकरीही नकळत तेच करितात. सायपरमेथ्रीन व त्या वर्गातील इतर औषधे माशांस अत्यंत घातक आहेत. फवारणीनंतर बांधीचे पाणी ओहळात सोडले, किंवा पंप ओहळात धुतला, तर खाली बऱ्याच अंतरापर्यंतची पिले संपतात. फवारणी करावीच लागली तर मोरी बंद करून करावी व पंप शेतातच धुवावा.

एकट्याने ओहळ राखून भागत नाही, कारण वरच्याने सोडले तर खालचा धरतो. मालगुजारी १९५१ साली संपली, तलाव सरकारजमा झाले, व पुढे पुष्कळ ठिकाणी ते मच्छीमार संस्थांस ठेक्याने मिळाले. सांडव्याखालचे मासे धरण्यापूर्वी अशा संस्थेशी बोलणे केले तर तंटे टळतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने पाण्यातील माशांवरील सामुदायिक हक्क मान्य केले आहेत. ज्या गावास तो हक्क मिळाला आहे तेथील ग्रामसभेने मृग-आर्द्रात चढण धरू नये असा ठराव रोहिणीतच करावा. पूर आल्यावर ठराव सुचत नाही.

शेवटी जिवाविषयी. रात्री नाल्यावर जाण्याचा मोह आवरावा. हा वाघाचा मुलूख आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऊर्जानगर व दुर्गापूरच्या वस्तीलगतच वाघ-बिबट्यांनी माणसे मारिली. सापळा दिवसा मांडून दिवसाच उपसता येतो, हा त्याचा जाळ्याहून मोठा गुण. मांडलेल्या सापळ्यात साप शिरलेला असतो, सबब तो आधी काठीने हालवून मगच उघडावा. शिंगीच्या छातीजवळच्या काट्यात विष असते. काटा लागल्यास जखम स्वच्छ धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते एक तास बुडवून ठेवावी, म्हणजे ठणका कमी होतो. काटा आत मोडला असेल किंवा सूज चढत असेल तर दवाखाना गाठावा.