एकेकाचे माप आणि सर्वांची बेरीज

२०२४ सालच्या डिसेंबर अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदि गावांतील माणसांचे केस मुठीमुठीने हाती येऊ लागले, ही हकीकत आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. प्रथम संशय गेला तो पाण्यावर. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. तेथील पाणी तपासता त्यात नायट्रेट प्रमाणाबाहेर निघाले. पुढे २०२५ साली डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले आणि पाण्याची गोष्ट मागे पडली. एक गुन्हेगार हाती लागला म्हणजे पंचनामा आवरता घ्यावयाचा, ही आपली जुनीच खोड आहे. पण केस गेले त्याला पाणी कारण नसेल, एवढ्यावरून ते पाणी निर्दोष ठरले काय?

आम्हांस येथे केसांविषयी लिहावयाचे नाही. लिहावयाचे आहे ते गळ्यातील थायरॉईड ग्रंथीविषयी. ही ग्रंथी रक्तातून आयोडीन ओढून घेते व त्यापासून आपला अंतःस्राव, म्हणजे हॉर्मोन, तयार करते. आयोडीन आत घेणारे तिचे एक दार आहे. नायट्रेट या दाराशी आयोडीनच्या आड येते. पण ते एकटे नाही. विडी-सिगारेटच्या धुरातील सायनाईड शरीरात गेले की त्याचे थायोसायनेट बनते, तेही त्याच दाराशी उभे राहते. आणि तिसरे पर्क्लोरेट. शोभेच्या दारूकामात ते वापरतात. इटलीतील संशोधकांनी २००४ साली माणसाच्या या दारावर तिघांचीही परीक्षा पाहिली. रेणूस रेणू लावून पाहता पर्क्लोरेट हे नायट्रेटहून सुमारे २४० पट जबर ठरले. परंतु खरी ध्यानात धरण्याची गोष्ट निराळीच. तिघांचा अडथळा एकमेकांत सरळ मिळविता येतो. दार अडविणारा कोण, याच्याशी ग्रंथीला कर्तव्य नाही. किती अडले एवढेच तिला कळते.

आता आपली मापे पाहा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरास ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. ही मर्यादा मुळात ठरली ती तान्ह्या मुलांसाठी. अधिक नायट्रेटाने त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि मूल निळे पडते. धूर, पाणी आणि दारूकाम एकाच घरी एकत्र आले तर काय, हा प्रश्न त्या मापापुढे नव्हता.

तो सोडविण्याची रीत मात्र फार अवघड नाही. आपल्या घरची हिशेबाची वही लिहिणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ती समजेल. प्रत्येक द्रव्य जितके पोटात गेले त्यास त्याच्या निर्धोक मापाने भागावयाचे व आलेले भागाकार मिळवावयाचे. समजा, तीन द्रव्ये प्रत्येकी आपापल्या मापाच्या निम्मीच आहेत. एकेक पाहता तिन्ही निर्दोष. बेरीज मात्र दीड, म्हणजे एकाच्या वर गेली. जागतिक आरोग्य संघटनेने नायट्रेट व नायट्राईट यांच्यासाठी हीच बेरजेची अट घातली आहे. अर्थात जी द्रव्ये एकाच ठिकाणी एकच अपाय करतात त्यांचीच अशी बेरीज करावी. भलत्यासलत्याची मोट बांधणे हे गणित नव्हे. लंडन येथे आंद्रेआस कोर्टेनकांप व त्यांचे सहकारी यांनी २००२ साली स्त्री-अंतःस्रावाची नक्कल करणारी आठ दुर्बल द्रव्ये घेतली. एकेकाची मात्रा इतकी अल्प की तिचा परिणाम दिसूच नये. आठही एकत्र करताच तो स्पष्ट दिसला.

कपाशी-सोयाबीनच्या या जिल्ह्यात खताचे व शेणखताचे नायट्रेट जमिनीतून विहिरीत झिरपते, हे शेतकऱ्यास नवे नाही. आमची चिंता आहे ती घरात नुकतीच दिवस गेलेली सून असेल तिची. पहिले तीन महिने तरी गर्भ आईच्याच थायरॉईड-स्रावावर अवलंबून असतो, आणि त्याच्या मेंदूची घडण तेव्हाच चालू झालेली असते. ती बोअरचे पाणी पिते, स्वयंपाकही त्याच पाण्याचा होतो आणि माजघरात वडील मंडळींपैकी कोणी सिगारेट ओढीत बसलेले असतात. (वडील मंडळींनी राग मानू नये, अंगणात जाऊन ओढल्यास काही बिघडत नाही.)

पाणी उकळावे म्हणजे झाले, असे पुष्कळांस वाटते. जंतूंपुरते ते खरे. नायट्रेट मात्र उकळून जात नाही. पाणी आटते तसतसे ते उलट दाट होते. तुरटीही येथे निरुपयोगी. आर.ओ. यंत्राने ते बरेच कमी होते. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात एकदा व पावसाळ्यानंतर एकदा असे दोनदा तपासून घ्यावे, आणि प्रयोगशाळेकडून ‘मर्यादेत’ एवढाच शेरा न घेता आकडा मागून घ्यावा, कारण ५ आणि ४४ या दोहोंपुढे शेरा एकच पडतो. आयोडीन पुरेसे मिळत असेल तर दाराशी त्याची बाजू बळकट होते. त्याकरिता आयोडीनयुक्त मीठ दमट हवेत उघडे ठेवू नये. झाकणाच्या बरणीत ठेवावे, आणि आमटी उतरवावयाच्या वेळी घालावे.