मोहफुलांचे गोड पदार्थ

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत मोहाच्या फुलांपासून पोळ्या, पुऱ्या, लाडू असे गोड पदार्थ केले जातात. त्यांत गूळ किंवा साखर घालावी लागत नाही; गोडवा फुलांचाच असतो. वाळलेल्या मोहफुलांच्या वजनात साधारण निम्मी शर्करा असते. मोह हा चिकूच्याच, म्हणजे सॅपोटेसी कुळातील वृक्ष असून गोंडीत त्याला ‘इरुप’, तर तेलुगूत ‘इप्प’ म्हणतात.

मार्च-एप्रिलमध्ये झाड जवळजवळ निष्पर्ण असताना फुले येतात आणि त्यांच्या मांसल, फिकट पिवळसर पाकळ्या रात्री व पहाटे गळून पडतात. वेचणी उजाडण्यापूर्वीच सुरू होते व ती बहुधा स्त्रिया आणि मुले करतात. हे काम दिसते तितके निरुपद्रवी नाही. अस्वलालाही ही फुले अतिशय प्रिय असतात आणि चंद्रपूरच्या जंगलात वाकून फुले वेचणाऱ्यांवर वाघांनी हल्ले केल्याच्या घटना घडतात. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची प्रथा वणव्यांचे एक कारण ठरते.

वेचलेली फुले उन्हात वाळली की मनुक्यांसारखी तांबूस-तपकिरी होतात. ती चोळून आतले पुंकेसर काढून टाकतात. हा टप्पा टाळला तर पदार्थाची चव बिघडते. मग फुले धुऊन, भिजवून, मऊ उकडतात व वाटतात. हा गर गव्हाच्या, ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पिठात मळून पोळी भाजतात अथवा पुऱ्या तळतात. लाडवासाठी फुले कोरडी भाजून तीळ किंवा जवसासह कुटतात.

परिसरातील झाडाची गोडी पिठाशी जोडण्याची रीत अन्यत्रही आढळते. जर्मन भाषक प्रदेशांतील ‘आप्फेलश्ट्रूडेल’ हे त्याचे परिचित उदाहरण होय. मात्र तेथे सफरचंदाच्या फोडी पातळ पारीत गुंडाळून भट्टीत भाजतात. येथे गर पिठातच एकजीव होतो.

मोहफुलांची सर्वपरिचित ओळख दारूची असल्याने हे पदार्थ झाकोळले गेले. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 ते 2021 या काळात होती. परिणामी घरात साठवलेल्या फुलांकडेही संशयाने पाहिले जाई, वास्तविक पावसाळ्यातील टंचाईत तीच अनेक कुटुंबांचे अन्न होती. वनहक्क कायदा, 2006 ने गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. 2021 मध्ये राज्य शासनाने मोहफुलांचे संकलन, वाहतूक व साठवण यांवरील निर्बंध शिथिल केले. त्यानंतरही फुलांचा मोठा वाटा दारूसाठीच जातो. लाडू व सरबत आता महिला बचतगटांच्या विक्रीतही दिसतात, पोळी मात्र घरच्या चुलीपुरतीच उरली आहे.